आजीच्या बाहीवरची वीज

आज शनिवार. दुसरा चहा झालाय, भाजी आणायला जायचं टाळून झालंय, तर म्हटलं गेला महिनाभर डोक्यात घोळणारी गोष्ट एकदाची लिहून टाकावी.

आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट जर्मनीतला. तिथल्या एका टीममेटबरोबर मी गेली चार वर्षं रोज दुपारी दीडच्या कॉलवर असतो. (त्याची सकाळ, माझी जेवणानंतरची पेंग.) एव्हाना आमचं बिल्ड तुटलं की त्याच्या आधी मला कळतं आणि माझ्या मुलीचा दात पडला की माझ्या आईच्या आधी त्याला कळतं, इतपत घरोबा झालाय. त्याला माझा छंदही ठाऊक आहे. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. मी दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या फोटोंमधले गणवेश ओळखत बसतो, आणि त्यातही जर्मन बायकांचे. बायको याला 'हिटलरकडच्या बायकांचे कपडे बघणं' म्हणते. तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर आहे.

बायकांचेच का? तर पुरुषांच्या गणवेशांवर बटणाबटणापर्यंत पुस्तकं निघालेली आहेत. बायकांच्या फोटोखाली मात्र वाट्टेल ते लिहिलेलं असतं. टोपी घातलेली, गंभीर चेहऱ्याची कुणीही दिसली की 'नाझी पहारेकरीण', आणि हसरी दिसली की 'नर्स'. युद्धाच्या सहा वर्षांत सुमारे पाच लाख जर्मन बायकांनी लष्कराच्या मदतनीस म्हणून काम केलं. त्याशिवाय रेड क्रॉसच्या वेगळ्या, श्रमसेवेतल्या वेगळ्या, ट्रामच्या कंडक्टर वेगळ्या. एवढ्या सगळ्यांना दोन खोक्यांत कोंबायचं म्हणजे अख्खा डेटाबेस एका हो-नाहीच्या कॉलममध्ये भरण्यासारखं आहे.

तर झालं असं, की महिन्यापूर्वी या मित्राने एक स्कॅन पाठवला. त्याच्या आईच्या पंच्याहत्तरीसाठी तो घरच्या फोटोंचा अल्बम करत होता. दुधी कडांचा, काठ नागमोडी कातरलेला छोटा फोटो. लोखंडी कठड्याच्या बाल्कनीत तीन मुली, एकमेकींच्या कमरेत हात. मधली त्याची आजी, वय एकवीस. मागे पेन्सिलीने लिहिलेलं, 'पॅरिस, मे १९४२'. फाइलचं नाव 'ओमा नर्स'. ओमा म्हणजे आजी. घरात सगळ्यांना माहीत होतं की ओमा युद्धात रेड क्रॉसमध्ये नर्स होती. त्याचा प्रश्न साधा होता : कपड्यांवरून हॉस्पिटल कुठलं ते कळेल का?

मी झूम केलं आणि पेंग उडाली.

असा फोटो कसा वाचायचा ते जरा सांगतो. पहिली गोष्ट, रंग विसरायचा. भूदलाचा करडा-हिरवा, हवाईदलाचा निळसर करडा, रेड क्रॉसचा करडा, हे सगळे कृष्णधवल फोटोत एकाच राखाडीत जाऊन बसतात. आजकाल ते आपोआप रंग भरून देणारं सॉफ्टवेअर मिळतं ना, त्याने रंगवलेला फोटो पुरावा म्हणून कुणी पुढे केला की मला शिरशिरी येते. मशीनने रंग अंदाजपंचे भरलेला असतो आणि आपण त्यावरून सैन्य ठरवतो!

मग बघायचा गरुड. भूदलाचा गरुड पंख आडवे ताणून ताठ बसलेला असतो. हवाईदलाचा उडत असतो, एका पंजात ते चिन्ह धरलेलं. ते चिन्ह म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. जर्मन लोक त्याला स्वस्तिक म्हणत नाहीत, 'हाकेनक्रॉइत्स' म्हणतात, आकड्यांचा क्रूस. आमच्या उंबरठ्यावर आई दर दिवाळीला स्वस्तिक काढते आणि माझ्या टेबलावरच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहून विचारते, 'हे आपलं यांनी कधी नेलं?' त्यावर एकदा स्वतंत्र लिहीन. असो.

गरुडानंतर गळा आणि बाही. रेड क्रॉसवाली असेल तर गळ्याशी क्रूस असलेली पिन हमखास. श्रमसेवेतल्या मुलीच्या पिनेवर धान्याची कणसं असतात आणि बाहेर जाताना डोक्यावर तपकिरी फेल्ट हॅट. हिटलरच्या मुलींच्या संघटनेतली असेल तर पांढरा ब्लाउज, गळ्यात काळा रुमाल चामड्याच्या गाठीतून ओवलेला, आणि डाव्या बाहीवर तिच्या प्रांताचं नाव लिहिलेला त्रिकोण. पक्षाच्या नर्सेस तपकिरी कपड्यांत असायच्या, म्हणून त्यांना 'ब्राऊन सिस्टर्स'च म्हणत. पण रंग दिसत नाही हे आत्ताच म्हणालो, तेव्हा तिथे पुन्हा पिनच बघायची.

ओमाच्या फोटोत क्रूस कुठेच नव्हता. डाव्या बाहीवर लंबगोल कापडी बिल्ला होता आणि त्यात एक वीज. आकाशातून पडते तशी नागमोडी, खाली बाणाचं टोक. होडीसारख्या टोपीच्या डाव्या अंगालाही तीच वीज. गळ्याशी पिन, तिच्यावरही वीजच.

ही भूदलाच्या संदेशवहन खात्यातल्या मदतनीस मुलींची खूण. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये हे दल उभं राहिलं. काम टेलिफोन एक्स्चेंज, टेलिप्रिंटर, वायरलेस. पुरुष ऑपरेटर आघाडीवर मोकळे करायचे आणि व्यापलेल्या देशांतल्या खुर्च्या मुलींनी भरायच्या, हा हिशेब. त्यांचं शिक्षण गिसेन गावातल्या शाळेत व्हायचं. लोक त्यांना 'ब्लिट्झमेडल' म्हणत, विजेच्या पोरी. आणि म्हणताना डोळा मारत. फ्रेंच लोक म्हणत 'करड्या उंदरिणी'. आपल्याकडे एकट्या नोकरी करणाऱ्या मुलीबद्दल कोपऱ्यावरच्या टपरीवर जे बोललं जातं ना, तेच तिथेही. युद्धानंतर यातल्या कित्येकींनी त्या वर्षांबद्दल तोंड उघडलं नाही, त्याला हा डोळा मारणंही कारण असावं असं मला वाटतं.

इथे एक नेहमीची चूक सांगतो, कारण मीही ती केली आहे. एकट्या विजेला लोक एसएसचं चिन्ह समजतात. एसएसची खूण म्हणजे दोन कोरीव अक्षरं शेजारीशेजारी, बाणाचं टोक नसलेली. तसंच एकच अक्षर दिसलं तर ते लहान मुलग्यांच्या संघटनेचं. आणि टोकाला बाण असेल तर ती संदेशवहनाची वीज. एका बाणाने माणसाची अख्खी फाइल बदलते! दोनेक वर्षांपूर्वी मी एका फोटोतल्या मुलीला बिनधास्त एसएसमध्ये टाकून मोकळा झालो होतो. एका वाचकाने सभ्य शब्दांत कान उपटले, तेव्हापासून आधी बाण शोधतो.

तर ओमा नर्स नव्हती. आता हे सांगायचं कसं? पंच्याहत्तरीच्या अल्बमसाठी फोटो मागणाऱ्या माणसाला 'तुझ्या घरातली गोष्ट खोटी आहे' असं दीडच्या कॉलवर सांगायचं? बायको म्हणाली, "भाऊजींना नको सांगूस, त्यांच्या आईचा वाढदिवस आहे." (तिने त्याला कधी पाहिलेलं नाही, पण भाऊजी.) दोन दिवस मी 'जरा बघून सांगतो' करत टाळलं. मग वाटलं, माझ्या कोडमधली चूक त्याने वाढदिवस बघून लपवली असती का?

सांगितलं. पण पूर्ण सांगितलं, म्हणजे हेही की घरातली गोष्ट अगदी हवेतली नाही. या दलाच्या सुरुवातीच्या तुकड्यांत रेड क्रॉसकडून आलेल्या मुली होत्या. तेव्हा ओमाने 'रेड क्रॉस' म्हटलं असेल तर ते अर्धं खरंही असू शकेल, आणि 'नर्स' हे पुढच्या पिढीने स्वतःच जोडलं असेल. कुणी न विचारता भरलेली डिफॉल्ट व्हॅल्यू.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ती फक्त फोन जोडायची." त्याच्या आवाजात चक्क सुटका होती. पहारेकरीण नव्हती, एसएस नव्हती, फक्त फोन.

तो 'फक्त' माझ्या डोक्यातून जाईना.

कारण आम्हा हौशी मंडळींचा सगळा धंदाच या 'फक्त'वर चालतो. कुणी एखाद्या मुलीला पहारेकरीण म्हणालं की आम्ही लगबगीने बिल्ला दाखवतो : छे छे, ही फक्त टेलिप्रिंटरवाली. आणि आपण कुणावरचा तरी अन्याय दूर केला अशा थाटात पुढच्या फोटोकडे वळतो. ओळख पटली, तिकीट क्लोज्ड.

यातला सगळ्यांत प्रसिद्ध फोटो तुम्हीही पाहिला असेल, दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी फॉरवर्ड करतंच. लाकडी कठड्यावर ओळीने बसलेल्या तरुण मुली, स्कर्ट आणि ब्लाउज, हातात वाट्या, मध्ये एक अधिकारी, मागे अकॉर्डियनवाला. खाली लिहिलेलं असतं, 'ऑशवित्झच्या क्रूर पहारेकरणी मजा करताना'. हा फोटो कार्ल ह्यॉकर या एसएस अधिकाऱ्याच्या खाजगी अल्बममधला. तो ऑशवित्झच्या कमांडंटचा ॲडज्युटंट होता. १९४६ मध्ये फ्रँकफुर्टमध्ये एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या हाती हा अल्बम लागला, साठ वर्षं त्याच्याकडे पडून राहिला, आणि २००७ मध्ये त्याने तो वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला दिला. एकूण ११६ फोटो. कठड्यावरचा फोटो २२ जुलै १९४४ चा, ऑशवित्झपासून तीसेक किलोमीटरवरच्या झोलाह्यूट नावाच्या एसएसच्या विश्रांतीगृहातला. वाट्यांत ब्लूबेरी आहेत. पुढच्या एका फोटोत वाट्या उलट्या करून मुली खोटं खोटं रडतायत, कारण ब्लूबेरी संपल्या.

तर या मुली पहारेकरणी नव्हत्या. त्या एसएस-हेल्फरिन, म्हणजे एसएसच्या संदेशवहन आणि कचेरीतल्या मदतनीस. यांच्यासाठी १९४२ पासून आल्सासमधल्या ओबरएनहाइम गावात खास शाळा होती, तिथे प्रवेशाला एसएसच्या वांशिक कसोट्या लागायच्या. पूर्ण गणवेशात त्यांच्या डाव्या खिशावर काळ्या कापडावर ती दोन अक्षरं असायची. आणि गंमत बघा (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) : छळछावण्यांतल्या खऱ्या पहारेकरणी, राव्हेन्सब्रुकमध्ये तयार झालेल्या, कैद्यांवर कुत्री सोडणाऱ्या, त्यांना ती अक्षरं लावायचा अधिकार नव्हता. त्या एसएसच्या सदस्य नव्हत्या, पगारी नोकर होत्या. म्हणजे छातीवर सगळ्यांत भयंकर चिन्ह मिरवणारी मुलगी टाइप करत होती, आणि चाबूक जिच्या हातात होता तिच्या छातीवर ते चिन्हच नव्हतं.

फक्त बिल्ला वाचणाऱ्याचं इथे पार विमान कोसळतं. बिल्ला खुर्ची सांगतो. त्या खुर्चीवरून काय गेलं ते सांगत नाही.

काय जात होतं? १९४४ च्या मेपासून ९ जुलैपर्यंत हंगेरीतून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यू हद्दपार झाले, बहुतेक सगळे ऑशवित्झला, आणि त्यातले बहुतेक उतरल्याबरोबर मारले गेले. ब्लूबेरीचा फोटो त्यानंतर दोनच आठवड्यांनी काढलाय. एवढ्या गाड्या आपोआप येत नाहीत. गाडी निघाली, गाडी पोचली, एवढी माणसं, याचे संदेश कुणीतरी घेतं, कुणीतरी पाठवतं.

अशा संदेशाचा एक नमुना आपल्यापाशी आहे. ११ जानेवारी १९४३ ला लुब्लिनहून हेर्मान ह्योफ्ले नावाच्या एसएस अधिकाऱ्याने बर्लिनला आणि क्राकोला वायरलेसवरून काही आकडे पाठवले. ब्रिटिशांनी तो संदेश पकडला, उलगडला, पण त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. २००० साली तो त्यांच्या दप्तरखान्यात सापडला. चार अक्षरं आणि चार आकडे. एल, बी, एस, टी. लुब्लिन, बेल्झेत्स, सोबिबोर, ट्रेब्लिंका. १९४२ अखेरची बेरीज १२७४१६६. बारा लाख चौऱ्याहत्तर हजार एकशे सहासष्ट माणसं.

त्यात एक बग आहे. ट्रेब्लिंकापुढे ७१३५५ असं आलंय. बेरीज करून बघा, जुळत नाही. २४७३३, ४३४५०८, १०१३७० आणि ७१३५५५ घेतले तरच १२७४१६६ येतात. कुठेतरी एक पाच गळला. एका बोटाची चूक, सहा लाख बेचाळीस हजार दोनशे माणसं. मी पहिल्यांदा ही बेरीज केली तेव्हा कॅल्क्युलेटर बराच वेळ बंद केला नव्हता.

तो संदेश पाठवणारी बोटं बाईची होती की पुरुषाची, हा माझा मुद्दा नाही. मुद्दा असा, की हे 'फक्त टाइप करणं' होतं. आणि आपल्या पिढीला हे नीट कळायला हवं, कारण आपण सगळे फक्त टाइप करतो. एपीआयच्या एका टोकाला बसून येणारा आकडा दुसऱ्या टोकाला ढकलतो, तो कशाचा आहे हे विचारायची पद्धत नाही. माझी तुलना तिथेच थांबते, उगाच ताणणार नाही. आपल्या आकड्यांनी माणसं मरत नाहीत. बहुधा.

हा 'फक्त' शेवटी कोर्टातही गेला. इर्मगार्ड फुर्शनर ही श्टुटहोफ छावणीच्या कमांडंटची टायपिस्ट. १९४३ ते ४५, वय अठरा-एकोणीस. तिला गणवेश नव्हता, बिल्ला नव्हता, ती नागरी कर्मचारी. तिचा फोटो माझ्यासमोर आला असता तर मी 'सिव्हिलियन' लिहून पुढे गेलो असतो. २० डिसेंबर २०२२ ला इट्झेहो इथल्या न्यायालयाने तिला १०,५०५ खुनांत साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवलं. तेव्हा ती ९७ वर्षांची होती, पण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीनांच्या कायद्यात बसणारी असल्याने खटला बालन्यायालयात चालला. शिक्षा दोन वर्षं, तीही स्थगित. ऑगस्ट २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल कायम केला आणि जानेवारी २०२५ मध्ये ती वारली. 'नव्वदीतल्या म्हातारीला कशाला छळता' असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला तो निकाल पटला. शिक्षेसाठी नाही. टेबलापलीकडे काय चाललंय हे टायपिस्टला माहीत असतं, एवढं एका न्यायालयाने कागदावर आणलं म्हणून.

आता कुणी म्हणेल, मग सगळ्या सारख्याच की. पहारेकरीण काय आणि विजेची पोरगी काय. नाही, अजिबात नाही! म्हणूनच तर बाण शोधायचा. पॅरिसच्या लष्करी एक्स्चेंजवर रसद आणि रजेचे फोन जोडणारी मुलगी आणि ऑशवित्झच्या टेलिप्रिंटरवरची मुलगी यांना एका ओळीत बसवणं हा आळस आहे. ओमाला मी फुर्शनरच्या शेजारी बसवत नाहीये. मे १९४२ मध्ये पॅरिसच्या तारांवरून काय काय जात होतं, त्यातलं किती तिच्या कानांवर पडलं, हे त्या बाल्कनीत दिसत नाही. फ्रान्समधून ऑशवित्झला पहिली गाडी २७ मार्च १९४२ ला गेली होती, एवढं मला ठाऊक होतं, आणि तेही मी मित्राला सांगितलं. 'फक्त'ला उत्तर म्हणून नव्हे. तारखेशेजारी तारीख ठेवली, इतकंच.

तो चिडला. "तू हजारो किलोमीटरवरून माझ्या आजीवर खटला चालवतोयस," म्हणाला. चुकीचं म्हणाला असंही नाही. त्या आठवड्यात कॉल फक्त कामाचे झाले, तेही त्रोटक. बायकोने 'सांगितलं होतं' असा चेहरा करून वरणभात वाढला.

दहा दिवसांनी त्याचा मेल आला. लष्करात काम केलेल्यांची कागदपत्रं पूर्वी बर्लिनमधल्या एका वेगळ्या कचेरीत असायची, २०१९ पासून ती जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत. त्याने ओमाचं माहेरचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव देऊन तिथे अर्ज केला होता. उत्तर यायला वेळ लागतो. आईला सांगितलंस का, असं विचारल्यावर म्हणाला, सांगितलं, ती म्हणाली वीज मलाही आठवते, लहानपणी मी त्या पिनेशी खेळायचे, आई हिसकावून घ्यायची.

अल्बममध्ये फोटो गेला. मेलसोबत त्याने स्कॅन पुन्हा पाठवला होता, जरा जास्त रेझोल्यूशनचा, म्हणजे शेजारच्या दोघींच्याही बाह्या मला वाचता याव्यात. फाइलचं नाव आता 'ओमा पॅरिस १९४२' होतं.